१८०० हा कोणाचाच फोन नसतो : टोल-फ्री क्रमांकामागची यंत्रणा

ठाण्यातल्या नौपाड्यातील आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका काकूंना मध्यंतरी बँकेच्या नावाने फोन आला. पडद्यावर १८०० ने सुरू होणारा क्रमांक दिसत होता. त्यांनी फोन उचलला नाही, मात्र संध्याकाळी जिन्यात भेटल्यावर मला विचारले, "०२२ म्हणजे आपण, ०२५१ म्हणजे कल्याण-डोंबिवली, ०२० म्हणजे पुणे. मग हे १८०० कुठल्या गावचं रे?"

प्रश्न अगदी योग्य होता. ज्या पिढीने एसटीडी कोड पाठ केले, तिच्या मनात क्रमांक आणि गाव यांची गाठ पक्की बसलेली आहे. त्यात आता नवी भर पडली आहे. दूरसंचार विभागाने २०२४ साली ग्राहकांना सेवेसंबंधी आणि व्यवहारासंबंधी फोन करण्यासाठी १६० ने सुरू होणारी मालिका ठरवून दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना अशा फोनांसाठी १६०० ची मालिका वापरण्यास सांगितले. जाहिरातींच्या फोनांसाठी १४० आहे, तक्रार नोंदवण्यासाठी १८०० आहे, आणि काही कंपन्या १८६० देतात. या आकड्यांत गोंधळ होणे स्वाभाविक आहे आणि भामटे याच गोंधळावर जगतात. म्हणून १८०० हा प्रकार आतून कसा चालतो, ते एकदा मुळापासून पाहणे उपयोगाचे ठरेल.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते : १८०० कुठल्याही गावचे नाही, आणि तो कोणाचा फोनही नाही. ते एका वहीतल्या नोंदीचे नाव आहे. ती वही कोणाकडे असते, ती कोण वाचतो आणि कधी वाचतो, हे समजले की बाकीचे सगळे उलगडते.

साधा क्रमांक म्हणजे पत्ता

लँडलाइनचा क्रमांक टपालाच्या पत्त्यासारखा असतो. ०२२ ने शहर कळते, पुढच्या आकड्यांनी एक्सचेंज, म्हणजे फोन जोडून देणारे केंद्र, कळते आणि शेवटच्या आकड्यांनी त्या एक्सचेंजमधून निघालेली नेमकी तारांची जोडी कळते. एक्सचेंजला विचार करावा लागत नाही. आकडे येतील तसा रस्ता धरत गेले की फोन आपोआप घरापर्यंत पोहोचतो.

या व्यवस्थेत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली अशी की क्रमांक म्हणजे एक ठरलेली जागा, आणि दुसरी अशी की जो फोन लावतो तोच पैसे भरतो. टोल-फ्री सेवेला या दोन्ही गोष्टी मोडाव्या लागतात. ग्राहक ठाण्याचा असो वा चंद्रपूरचा, त्याने एकच क्रमांक फिरवायचा, फोन कंपनीला सोयीच्या ठिकाणी वाजायचा, आणि बिल मात्र फोन घेणाऱ्याच्या नावावर चढायचे.

हे काम आधी माणसे करत होती

आश्चर्य असे की हे सारे यंत्रांच्या आधी सहज होत असे. अमेरिकेत 'झेनिथ' क्रमांक असत. ग्राहक ऑपरेटरला झेनिथ आणि पुढचा आकडा सांगे, ऑपरेटर आपल्याजवळची यादी पाहून खरा क्रमांक शोधे, फोन जोडून देई आणि पैसे पलीकडच्या नावावर लिही. ब्रिटनमध्ये १९६० पासून ऑपरेटरला 'फ्रीफोन' असे सांगून पुढे कंपनीचे नाव घेतले की फोन जोडला जाई. म्हणजे वही होती, ती वाचणारा होता आणि निर्णय घेणाराही होता; फक्त तो हाडामांसाचा होता.

स्वयंचलित एक्सचेंज आल्यावर ही शहाणीव गेली. १८९१ साली अमेरिकेत आल्मन स्ट्रोजर यांना स्वयंचलित स्विचचे पेटंट मिळाले. स्ट्रोजर अंत्यविधीचे सामान पुरवण्याचा व्यवसाय करत आणि आपली गिऱ्हाइके टेलिफोन ऑपरेटर दुसरीकडे वळवते असा त्यांना संशय होता, अशी कथा सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, त्यांच्या यंत्राने ऑपरेटरला मधून काढले हे नक्की. भारतात २६ नोव्हेंबर १९६० रोजी लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि ट्रंक कॉलसाठी तासन्‌तास ताटकळण्याचे दिवस ओसरू लागले. वेग वाढला, खर्च कमी झाला. परंतु यंत्राला आकड्यांपलीकडचे काही कळत नव्हते. "आज रविवार आहे, दुसऱ्या कचेरीत फोन द्या," असे त्याला सांगण्याची सोय नव्हती. टोल-फ्री सेवेची पुढची सगळी कहाणी म्हणजे गमावलेली ही शहाणीव यंत्रात परत आणण्याचा प्रयत्न आहे, असे मला वाटते.

१९६७ : अर्धवट उत्तर

एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने १९६७ साली अमेरिकेत ८०० ने सुरू होणारे, ऑपरेटरशिवाय लागणारे मोफत क्रमांक आणले. पण यंत्र जुनेच होते, म्हणून तडजोड करावी लागली. ८०० नंतरच्या तीन आकड्यांत फोन कुठल्या भागात न्यायचा हे दडवलेले असे. बिल उलटे झाले, तरी क्रमांक जागेला बांधलेलाच राहिला. शिवाय राज्याच्या बाहेरून येणारे फोन आणि राज्यातल्या राज्यात होणारे फोन यांची व्यवस्था वेगळी असल्याने एकाच कंपनीला दोन-दोन क्रमांक जाहिरातीत छापावे लागत. कचेरी दुसऱ्या राज्यात हलवली की क्रमांक बदलला आणि छापलेली सगळी पत्रके वाया गेली.

रूळ वेगळे, तार वेगळी

खरी अडचण निरोपांची होती. एक्सचेंज एकमेकांना "हा फोन घे", "ही लाइन मोकळी आहे", "पलीकडच्याने फोन ठेवला" असे निरोप सतत पाठवत असतात. त्याला सिग्नलिंग म्हणतात. जुन्या पद्धतीत हे निरोप ज्या लाइनवरून बोलणे चालते तिच्यावरूनच, सुरांच्या रूपात जात. अमेरिकेत २,६०० हर्ट्झचा सूर म्हणजे "लाइन रिकामी आहे" हा निरोप होता. काही हिकमती तरुणांनी तोच सूर आपल्या बाजूने वाजवून फुकट फोन करण्याची युक्ती काढली आणि कंपनीला मोठा फटका बसला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशा लाइनवरून प्रश्न विचारून सविस्तर उत्तर मिळवणे शक्य नव्हते.

ठाणेकरांना यावरचा उपाय समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली. रेल्वेच्या कामात पूर्वापार एक शिस्त आहे : गाडी रुळांवरून धावते, पण पुढचे स्टेशन 'लाइन क्लिअर' देते ते वेगळ्या तारेवरून. मार्ग मोकळा आहे की नाही हे विचारायला कोणी इंजिनच पुढे पाठवत नाही. टेलिफोनमध्येही तेच करण्यात आले. १९७६ पासून एटी अँड टीने आपल्या जाळ्यात निरोपांसाठी स्वतंत्र वाहिनी वापरायला सुरुवात केली. पुढे १९८० साली या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानक आले, ज्याला सिग्नलिंग सिस्टिम क्रमांक ७ म्हणतात. आता बोलण्याची लाइन जोडण्याच्या आधीच एक्सचेंज दूरच्या संगणकाला प्रश्न विचारू शकत होते. वही वाचणारा ऑपरेटर परत आणण्याचा मार्ग इथे मोकळा झाला.

वॉचमन आणि ऑफिसातली वही

एटी अँड टीच्याच बेल प्रयोगशाळेतील रॉय वेबर यांना १९८० साली या कल्पनेचे पेटंट मिळाले, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एटी अँड टीने ८०० सेवा तिच्यावर आणली. कल्पना समजण्यासाठी घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या संकुलाचे फाटक डोळ्यांसमोर आणावे. पाहुण्याने "बी विंग, ७०४" म्हटले की वॉचमन त्याला सरळ आत सोडतो. पण कोणी "सोसायटीचा इलेक्ट्रिशियन हवा" म्हणाले, तर त्या नावाचा फ्लॅट नसतो. वॉचमन त्याला थांबवतो, इंटरकॉमवर ऑफिसला विचारतो, ऑफिसातला माणूस वही पाहून "आज तो सी विंगच्या गच्चीवर आहे" असे सांगतो आणि मग पाहुणा तिकडे जातो.

इथला वॉचमन म्हणजे एक्सचेंज. या कामासाठी तयार केलेल्या एक्सचेंजला सर्व्हिस स्विचिंग पॉइंट म्हणतात. ऑफिस म्हणजे सर्व्हिस कंट्रोल पॉइंट, अर्थात एससीपी : नोंदी आणि त्यांचे नियम सांभाळणारा संगणक. या लेखात पुढे मी त्याला 'वही'च म्हणणार आहे.

आता नौपाड्यातून कोणी फ्रिजच्या तक्रारीसाठी १८०० चा क्रमांक फिरवला, तर काय होते ते पाहू. सुरुवातीचे आकडे ओळखताच एक्सचेंज फोन पुढे न पाठवता रोखून धरते. मग ते निरोपांच्या वाहिनीवरून वहीला विचारते : अमुक टोल-फ्री क्रमांक मागितला आहे, मागणाऱ्याचा क्रमांक हा, आता काय करू? वहीत त्या कंपनीने आधीच नियम लिहून ठेवलेले असतात. सकाळी नऊ ते रात्री नऊ फोन नवी मुंबईतील ऐरोलीच्या कॉल सेंटरला, रात्री दुसऱ्या शहरातल्या केंद्राला, सुटीच्या दिवशी ध्वनिमुद्रित सूचनेला. ऐरोलीच्या सगळ्या लाइन गुंतल्या असतील तर महापेला. वही दिवस आणि वेळ पाहून एक साधा, खरा क्रमांक परत पाठवते आणि सोबत "बिल फोन घेणाऱ्याच्या नावावर" अशी सूचना देते. एक्सचेंज त्या खऱ्या क्रमांकावर फोन जोडते. ही सगळी विचारपूस सहसा सेकंदाच्या आतच आटोपते; फोन लावणाऱ्याला थोडीशी शांतता जाणवते, इतकेच.

म्हणूनच ठाण्याहून लावलेला टोल-फ्री फोन ऐरोलीत उचलला जाऊ शकतो, आणि रात्री अकराला तोच क्रमांक फिरवला तर वेगळ्याच राज्यातला माणूस बोलू शकतो. क्रमांक तोच राहतो, त्यामागची जागा बदलते.

नोंद प्रत्येक एक्सचेंजमध्येच का ठेवली नाही?

हा प्रश्न साहजिक आहे, आणि खरे मर्म याच्या उत्तरात आहे. देशात एक्सचेंज हजारो असतात आणि ती वेगवेगळ्या कारखानदारांची असतात. एका कंपनीने आपली वेळ नऊऐवजी दहा केली, तर ती दुरुस्ती हजारो ठिकाणी करावी लागेल आणि कुठेतरी ती राहूनच जाईल. नवी सेवा आणायची तर प्रत्येक कारखानदाराकडून त्याच्या एक्सचेंजचे सॉफ्टवेअर बदलून घ्यावे लागेल आणि त्यात वर्षे जातील. त्यापेक्षा एक्सचेंजला फक्त 'थांब, विचार, सांगितले तसे कर' एवढेच शिकवावे आणि बाकीचे शहाणपण एका जागी ठेवावे, हे सोयीचे. या रचनेला 'इंटेलिजंट नेटवर्क' हे नाव मिळाले. जानेवारी १९८४ मध्ये एटी अँड टीचे विभाजन झाल्यावर, प्रादेशिक टेलिफोन कंपन्यांसाठी बेलकोर या संस्थेने ती पुढे विकसित केली, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची आंतरराष्ट्रीय मानके ठरली.

वही वेगळी झाल्याचा एक परिणाम फार मोठा होता. १ मे १९९३ पासून अमेरिकेत कंपन्यांना आपला ८०० क्रमांक न बदलता टेलिफोन सेवा देणारी कंपनी बदलता येऊ लागली, कारण आता फक्त वहीतील नोंद बदलायची होती. यूपीआय वापरणाऱ्यांना हे लगेच समजेल. यूपीआय आयडीत पैसे नसतात. त्यामागचे बँक खाते बदलले तरी आयडी तोच ठेवता येतो.

आपल्याकडे टोल-फ्री क्रमांक सुरुवातीला १६०० ने सुरू होत. नंतर ते १८०० वर गेले. ज्येष्ठ वाचकांना जुन्या जाहिरातींतील १६०० आठवत असेल, आणि म्हणूनच आजच्या १६०० चा अर्थ त्यांनी नव्याने लक्षात घ्यायला हवा : तेव्हा तो आपण फिरवायचा होता, आता तो बँकेकडून आपल्याला येणाऱ्या फोनचा आहे. १८०० नंतरचे आकडेही अर्थपूर्ण आहेत. कोणत्या दूरसंचार कंपनीची वही उघडायची, हे एक्सचेंजला त्यांवरून कळते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १८०० ११ ४००० आणि सेबीचा १८०० २२ ७५७५ हे शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यातील ११ आणि दुसऱ्यातील २२ दिल्ली-मुंबईच्या ०११ आणि ०२२ ची आठवण करून देतात, कारण हे आकडे त्या शहरांतील एमटीएनएलचे आहेत. म्हणजे गाव पूर्णपणे गेले नाही. ते फोनचे गाव न राहता वहीचे गाव झाले.

फुकट म्हणजे खरोखर फुकट?

फोन लावणाऱ्यासाठी होय; खर्च कंपनी भरते आणि तो अर्थातच मालाच्या किमतीत कुठेतरी मिसळलेला असतो. पूर्वी जाहिरातींत टोल-फ्री क्रमांकाखाली "फक्त बीएसएनएल/एमटीएनएलवरून" अशी बारीक ओळ असे. मोबाईल कंपनीच्या जाळ्यातून निघालेल्या फोनचे पैसे कोणी कोणाला द्यायचे, हा हिशेब हे त्याचे कारण होते. १८६० मात्र टोल-फ्री नाही. तिथेही वही वाचली जाते आणि एकच क्रमांक देशभर चालतो, पण फोन लावणाऱ्याला आकार पडतो. दोन्ही क्रमांक दिले असतील तर १८०० निवडावा.

वही बंद पडली तर?

वहीची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली असते. एक बंद पडली तर प्रश्न दुसरीकडे जातात. तरीही धोका संपत नाही, आणि तो लपवून ठेवणे योग्य नाही. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टीचे एक एक्सचेंज किरकोळ बिघाडानंतर सावरले आणि त्याने "मी परत कामावर आलो" असे निरोप शेजाऱ्यांना पाठवले. ते निरोप हाताळण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक होती. त्यामुळे शेजारी कोलमडले, सावरले आणि त्यांनीही तसेच निरोप पुढे पाठवले. सर्व ११४ एक्सचेंजांमध्ये तेच सॉफ्टवेअर होते. सुमारे नऊ तास देशभरातील लांब पल्ल्याचे असंख्य फोन लागले नाहीत. प्रती कितीही ठेवल्या आणि चूक सगळ्या प्रतींत सारखीच असली, तर प्रतींचा उपयोग नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

माझी माहिती त्यांना जाते का?

फोन लावणाऱ्याचा क्रमांक कंपनीला सामान्यतः दिसतो. पैसे कंपनी भरत असल्याने आलेल्या फोनांचा हिशेब तिला मिळणे यंत्रणेत धरलेलेच आहे. इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. फोन कोणत्या भागातून निघाला हे वहीला ठरवता येते, आणि त्यानुसार तो वेगवेगळ्या केंद्रांकडे वळवणे ही या यंत्रणेची अगदी प्राथमिक क्षमता आहे. असे असताना ०२२ वरून किंवा महाराष्ट्रातील मोबाईलवरून लावलेल्या फोनला मराठीचा पर्याय चौथ्या-पाचव्या आकड्यावर मिळावा, किंवा मिळूच नये, यामागे तांत्रिक अडचण नसते. २००४ साली सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरचा १८०० १८० १५५१ हा क्रमांक देशभर एकच आहे आणि तिथे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत उत्तर देण्याची सोय आहे. ज्यांना ग्राहकाची भाषा महत्त्वाची वाटते त्यांना ती सोय करता येते.

आता सगळे इंटरनेटवर आहे. मग ही यंत्रणा जुनी नाही झाली?

यंत्रे बदलली आहेत. फोर-जीवरील आवाज आता इंटरनेटच्या पद्धतीने जातो आणि एससीपीचे काम बऱ्याच ठिकाणी ॲप्लिकेशन सर्व्हर नावाचे संगणक करतात. परंतु 'थांब, विचार, मग जोड' हे सूत्र तसेच आहे. प्रीपेड मोबाईल याच सूत्रावर उभा राहिला : फोन जोडण्याआधी शिल्लक विचारायची, तेवढ्या वेळाची परवानगी घ्यायची, शिल्लक संपली की फोन तोडायचा. २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झालेल्या मोबाईल नंबर पोर्टेबिलिटीतही, हा क्रमांक सध्या कोणत्या कंपनीकडे आहे हे वहीत पाहूनच फोन पुढे जातो.

मग १८०० वरून आलेला फोन कोणाचा?

आता काकूंच्या फोनकडे येऊ. वही एकाच दिशेने वाचली जाते : टोल-फ्री क्रमांक दिला की खरी लाइन मिळते. ऐरोलीतल्या कर्मचाऱ्याने आपल्याला फोन लावला, तर तो त्याच्या खऱ्या लाइनवरून निघतो. त्यात ही वही उघडण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे आलेल्या फोनवर १८०० दिसत असेल, तर तो क्रमांक कोणीतरी तिथे दर्शवलेला आहे, आणि इंटरनेटवरून केलेल्या फोनात खोटा क्रमांक दाखवता येतो हे गेल्या काही वर्षांत अनेकदा उघड झाले आहे. पडद्यावर दिसणारा क्रमांक हा सांगणाऱ्याचा शब्द असतो. आपण स्वतः फिरवलेला क्रमांक मात्र दूरसंचार कंपनीच्या वहीतून जातो, आणि तिथली नोंद भामट्याला सहजासहजी बदलता येत नाही. बँकांसाठी १६०० ही वेगळी मालिका देण्यामागचा हेतूही हाच आहे की, बाहेर जाणाऱ्या फोनांसाठी पडताळून दिलेले वेगळे क्रमांक असावेत. अर्थात १६०० वरून फोन आला तरी ओटीपी सांगायचा नाहीच.

दुसरा धोका फिरवण्यातही आहे. इंटरनेटवर शोधून सापडलेला 'कस्टमर केअर' क्रमांक जर साधा दहा आकडी मोबाईल असेल, तर तो कोणत्याही वहीतून जात नाही, थेट कोणाच्या तरी खिशात वाजतो. क्रमांक १८०० चा असला तरी तो त्या बँकेचाच आहे, हे शोधयंत्र ठरवू शकत नाही. त्यासाठी कार्डाची मागची बाजू, पासबुक किंवा बँकेचे स्वतःचे संकेतस्थळ पाहावे. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवता येईल तितके बरे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता तेव्हाच असते.

काकूंनी दुसऱ्या दिवशी चष्मा लावून डेबिट कार्डाच्या मागचा क्रमांक स्वतः फिरवला. बँकेकडून त्यांना कोणताही फोन केला गेला नव्हता. बोलून झाल्यावर त्यांनी त्या मुलीला, ती कुठून बोलते आहे, असे विचारले. ती ऐरोलीहून बोलत होती.